राणीच्या पुतळ्यावरचं डांबर: वादातली स्मारकं काढावीत की राहू द्यावीत?

खडापारशी

गेल्या रविवारी लेकीला पेंग्विन दाखवायला राणीच्या बागेत नेलं. भायखळ्याचेच आम्ही, बाग घरचीच. पेंग्विन बघून झाल्यावर भाऊ दाजी लाड संग्रहालयाकडे वळलो, तर ही पळत मागच्या आवारात. एकेकाळी मुंबईच्या चौकाचौकांत उभे असलेले इंग्रजांचे पुतळे तिथे आणून ठेवलेत. घोड्यावरचा एडवर्ड, कॉर्नवॉलिस, वेलस्ली आणि सिंहासनावर बसलेली व्हिक्टोरिया राणी. लेक आठ वर्षांची. राणीच्या तोंडाकडे बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "बाबा, हिला कुणी मारलं?"

मला तिथल्या तिथे धड उत्तर देता आलं नाही. घरी येऊन पुस्तकं काढली, आणि जे कळलं ते इथे मांडतोय.

हा संगमरवरी पुतळा मॅथ्यू नोबल या शिल्पकारानं घडवला. १८७२ साली तो फोर्टात बसवला गेला आणि त्याचा खर्च दिला होता बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी. पुढे १८९६ साली चिंचवडच्या चापेकर बंधूंनी रात्री जाऊन राणीला डांबर फासलं, गळ्यात जुन्या जोड्यांची माळ घातली. हे खुद्द दामोदरपंतांनी आपल्या आत्मवृत्तात लिहून ठेवलंय. पुण्याचा प्लेग अधिकारी रँड याच्यावर त्यांनी केलेला हल्ला त्यानंतरचा, २२ जून १८९७ चा, म्हणजे याच राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाच्या रात्रीचा. पांढऱ्या संगमरवरात मुरलेलं डांबर निघता निघेना. ते अखेर काढलं त्रिभुवनदास गज्जर यांनी. बडोद्याच्या कलाभवनाची स्थापना करणारे ते हेच रसायनशास्त्रज्ञ.

म्हणजे पुतळा इंग्लंडच्या राणीचा, पण एका भारतीयानं तो दिला, दुसऱ्यांनी काळा केला आणि तिसऱ्यानं धुऊन काढला. हे वाचल्यापासून मी त्या पुतळ्याकडे निराळ्या नजरेनं बघतोय.

माझं मत आधीच सांगून टाकतो. हे पुतळे चौकातून काढले ते योग्यच केलं. भर चौकात उंच चौथऱ्यावर कुणाला बसवणं म्हणजे त्याला मान देणं. दिलेला मान काढून घ्यायचा हक्क पुढच्या पिढीला असतोच. पण वस्तू फोडून टाकायचा हक्क मी कुठल्याच पिढीला देणार नाही, कारण तिच्या पुढच्या पिढीला काय विचारावंसं वाटेल ते आपल्याला आज ठाऊक नसतं. माझ्या लेकीनं विचारलं, ते विचारण्यापुरता तरी पुतळा शिल्लक हवा. तुम्हाला काय वाटतं?

बोरीबंदर

धागा चांगला काढलात, पण पुतळे हलवण्यात काही गमावलं नाही असा सूर लागतोय, तो मला पटत नाही.

माझे आजोबा फोर्टात एका वकिलाकडे कारकून होते. त्यांच्या तोंडी कायम "काळ्या घोड्यापाशी". काळ्या घोड्यापाशी ट्राम पकडली, काळ्या घोड्यापाशी अमका भेटला. वर बसलेला प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे तुम्ही पाहिलेला तो एडवर्ड, कोण, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. लोकांनी स्वार कधीच बाद केला होता आणि घोडा ठेवला होता. १८७९ सालचा तो पुतळा १९६५ साली हलवला, तरी पत्ता सांगताना आजही आपण काळा घोडाच म्हणतो. २०१७ मध्ये तिथे नवा घोडा बसवला, तोही बिनस्वाराचा. मला तो आवडतो. पण जुना पुतळा ज्यानं दिला त्या आल्बर्ट ससूनचं नाव त्या जागेवरून सुटलं. बगदादहून आलेलं हे यहुदी घराणं, शेजारीच डेव्हिड ससून वाचनालय, ससून गोदी त्यांचीच. पुतळा हलवला की त्याच्याभोवतीचे धागेही तुटतात, एवढंच म्हणायचंय.

आणि एक. तिथून चालत पाच मिनिटांवर हुतात्मा चौक आहे. तिथलं फ्लोरा कारंजं १८६४ सालचं, रोमन देवीचं. त्याला कुणी हात लावला नाही. त्याच्या शेजारी संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांचं स्मारक उभं केलं, मशाल धरलेले शेतकरी आणि कामगार. चौकाचं नाव बदललं, कारंजं राहिलं. हे जमलंच ना आपल्याला? मग दरवेळी हलवाहलवी कशाला?

खडापारशी

फ्लोरा ही फुलांची देवी आहे हो, तिनं आपल्यावर राज्य केलेलं नाही. कॉर्नवॉलिसच्या शेजारी हुतात्मा स्मारक उभं राहिलं असतं का? मला नाही वाटत. ससूनबद्दलचं मात्र मान्य.

पेरणेफाटा

मुळात इंग्रजांनी उभारलं म्हणजे चौकातून काढण्याजोगं, हे गृहीत धरूनच चर्चा चाललीय. म्हणून लिहितोय.

मी लहान असताना आजी मला दर १ जानेवारीला कोरेगाव भीमाच्या जयस्तंभाला मानवंदना द्यायला न्यायची. आदल्या रात्रीच भाकऱ्या आणि ठेचा बांधून ठेवायची, पहाटेची एसटी. गर्दीत मी हरवू नये म्हणून तिच्या पदराची गाठ माझ्या मनगटाला असायची. स्तंभापाशी पोचलो की ती मला कडेवर घ्यायची आणि दगडावरच्या नावांकडे बोट दाखवायची. तिला अक्षरओळख नव्हती. पण "नाक" कुठे लिहिलंय ते तिला पाठ होतं. शेवटी नाक असलेली जेवढी नावं तेवढी आपली माणसं, एवढं तिला तिच्या सासऱ्यांनी सांगितलेलं.

तो स्तंभ ईस्ट इंडिया कंपनीनं उभारला. १ जानेवारी १८१८ ची लढाई, कंपनीचे मेलेले ४९, त्यांतली २२ नावं महार सैनिकांची. वरचा मजकूर म्हणतो, पूर्वेतल्या ब्रिटिश सैन्याच्या सर्वांत अभिमानास्पद विजयांपैकी हा एक. आता खडापारशींची फूटपट्टी लावली तर १९४७ नंतर हा स्तंभही उचलून कुठल्यातरी आवारात ठेवायला हवा होता. कंपनी सरकारचा विजय, तोही पेशव्यांवरचा, आणि महामार्गाला लागून.

पण बाबासाहेब १ जानेवारी १९२७ ला तिथे आले, आणि दगड तोच राहून त्याचा अर्थ बदलला. ज्या सैन्यात आमचे पूर्वज लढले, त्याच सैन्याची दारं १८९० च्या दशकात महारांना बंद केली गेली. त्यावेळी आमच्याकडे पुरावा कशाचा होता? त्या नावांचा. पुढे १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली तेव्हा टोपीवरच्या बिल्ल्यात हाच स्तंभ होता.

म्हणून माझं म्हणणं, स्मारक कुणी उभारलं एवढं विचारून भागत नाही. त्यावर कोरलेली नावं कुणाची, आणि आज तिथे डोकं टेकायला कोण येतं, हेही विचारा. आमच्या लोकांना गावाच्या वेशीत जागा नव्हती त्या काळात दगडावर नाव कोरलं गेलं, आणि ते कोरलं ते परक्यांनी. त्यातलं दुःखही आम्हाला कळतं. पण ते नाव पुसायचं की ठेवायचं हे ठरवताना आम्हाला वगळून चालणार नाही. २०१८ च्या १ जानेवारीला काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. तरी दुसऱ्या वर्षी आजी मानवंदनेला गेलीच. शेवटचं वर्ष होतं तिचं.

खडापारशी

पेरणेफाटा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. माझी फूटपट्टी तोकडी होती हे मान्य करतो. आजींना नमस्कार.

पर्वतीपायथा

मी पुण्याचा, वय ६८. या विषयावर लिहिताना हात जड होतो.

जंगली महाराज रस्त्यावरच्या संभाजी उद्यानात माझा रोजचा फेरा असे. ३ जानेवारी २०१७ च्या सकाळी नाटककार राम गणेश गडकऱ्यांचा अर्धपुतळा जागेवर नव्हता. रात्रीतून उखडून मुठेत फेकला होता. चौथऱ्यावर गजाचे तुकडे वर आलेले, खाली सिमेंटचा भुगा. एक बाई रोज तिथे कट्ट्यावर प्राणायाम करायच्या. त्या दिवशी नुसत्या उभ्या होत्या. महाराष्ट्रगीत लिहिणाऱ्या कवीला नदीत टाकलं.

राग कशाचा होता हे मी नाकारत नाही. गडकऱ्यांच्या नाटकात संभाजीराजांचं जे चित्र आहे ते अनेकांच्या जिव्हारी लागलेलं आहे, आणि उद्यानही राजांच्याच नावाचं. त्या उद्यानात हा पुतळा नको, अशी मागणी रीतसर करता आली असती. महापालिकेपुढे वाद झाला असता, मीही गडकऱ्यांच्या बाजूनं बोलायला गेलो असतो, कदाचित हरलो असतो. हरल्याचं दुःख पचतं. पण सकाळी उठून चौथरा रिकामा दिसणं पचत नाही.

दादोजी कोंडदेवांचा पुतळा लाल महालातून डिसेंबर २०१० मध्ये काढला, तो निदान महापालिकेच्या ठरावानं. पण काढला मध्यरात्रीनंतरच, पोलिस बंदोबस्तात. ठराव झालेला असताना रात्र का लागावी? जे काम बरोबर वाटतं ते दुपारी बारा वाजता करावं, लोकांना बोलवावं, रडणाऱ्यांना रडू द्यावं.

अवकाळी

आणि चापेकरांनी काय दुपारी बारा वाजता डांबर फासलं होतं का काका? रात्रीच ना?

पर्वतीपायथा

प्रश्न रास्त आहे. चापेकरांपुढे कुठली महापालिका होती? कुठे अर्ज करणार होते? सापडले असते तर तुरुंग होता, आणि पुढे रँडच्या प्रकरणात ते फासावर गेलेच. ज्याला दाद मागायला जागाच नाही त्याची रात्र वेगळी. आपल्याकडे निवडून दिलेले नगरसेवक आहेत, न्यायालय आहे, वर्तमानपत्रं आहेत. मला दोन्ही रात्री सारख्या वाटत नाहीत. तुला वाटत असतील तर सांग, मी ऐकेन.

अवकाळी

नाही काका, हे पटलं. पण मग खुलताबादच्या कबरीचं काय? गेल्या काही वर्षांत जो विषय निघतो तो तिथेच जाऊन थांबतो. इथे कुणीच नाव घेतलं नाही म्हणून घेतो.

बोरीबंदर

कबर आणि पुतळा एका मापानं मोजू नका. पुतळा उभा करणारा म्हणतो, याच्याकडे बघा, असे व्हा. कबरीत फक्त मेलेला माणूस असतो. औरंगजेबाची कबर मी पाहिलीय. वर छत नाही, मातीत तुळशीसारखं एक रोपटं. मराठ्यांचं राज्य बुडवायला दक्षिणेत उतरला, पंचवीसेक वर्षं इथे घालवली, १७०७ मध्ये नगरला मेला आणि इथेच पुरला गेला. दिल्लीला परत गेला नाही. संभाजीराजांना ज्यानं हाल करून मारलं त्याचा शेवट कुठे आणि कसा झाला, हे माझ्या मुलाला दाखवायला मला ती जागा हवी आहे. ती पुसली तर आपल्याच लढ्याचा एक पुरावा गेला.

अवकाळी

तिथे कुणी उरूस भरवून त्याचा गौरव केला तर?

बोरीबंदर

तर त्या गौरवाला विरोध करा, मीही करीन. दगडाशी भांडण कशाला?

ब्रिस्टलहून

मी गेली अकरा वर्षं इंग्लंडमध्ये ब्रिस्टलला आहे, मूळची साताऱ्याची. खडापारशींनी डांबर आणि गज्जरांची गोष्ट लिहिली ती वाचून अंगावर काटा आला, कारण इथे नेमकं उलटं झालंय.

इथे एडवर्ड कोल्स्टन नावाच्या व्यापाऱ्याचा पुतळा होता, १८९५ सालचा. गुलामांच्या व्यापारातला पैसा, त्यातून शहराला दिलेल्या देणग्या. पुतळ्यावर लिहिलेलं होतं की हा शहराचा सद्गुणी सुपुत्र. गुलामांचा उल्लेख नाही. वर्षानुवर्षं लोक सांगत होते, निदान पाटी तरी बदला. २०१८ मध्ये नव्या पाटीचा मसुदा झाला. त्यातल्या शब्दांवरून ओढाताण सुरू झाली. हा शब्द फार कडक, तो आकडा नको, त्याच्या दानधर्माबद्दलही लिहा. मसुद्यावर मसुदे झाले आणि पाटी बसलीच नाही. ७ जून २०२० ला लोकांनी दोरखंड लावून पुतळा पाडला, रस्त्यावरून गडगडत नेला आणि बंदरात ढकलला. मी त्या गर्दीत नव्हते. पण आमच्या ऑफिसातली जमैकन वंशाची मैत्रीण होती. ती दुसऱ्या दिवशी एवढंच म्हणाली की, शाळेत जाताना रोज त्याच्या खालून जावं लागायचं.

चार दिवसांनी महापालिकेनं पुतळा पाण्यातून काढला. आणि पुढचं ऐका. गाळ धुतला, पण निदर्शकांनी फासलेला रंग मुद्दाम जपला. संग्रहालयात आता तो आडवा ठेवलाय, पाठीवर झोपलेला, अंगावर लाल-निळे फराटे तसेच. साफ करताना आत १८९५ चं एक मासिक सापडलं, घडवणाऱ्या कारागिरांच्या काळातलं, तेही ठेवलंय. मी आईबाबांना दाखवायला नेलं होतं. बाबा म्हणाले, हा उभा असता तर मी मान वर करून बघितलं असतं, आता खाली बघावं लागतंय.

मला राहून राहून वाटतं, गज्जरांनी त्या डांबराचा एक ठिपका ठेवला असता तर? त्यांचा दोष नाही, त्या काळात ते शक्यही नव्हतं. पण चापेकरांच्या हाताची मुंबईतली एवढी एकच खूण होती, आणि ती एका हुशार भारतीयानं पुसली.

मळेवाट

गोव्यातून लिहितो. पणजीच्या आझाद मैदानावर खांबांचा एक मंडप आहे, १८४७ चा, जुन्या गोव्यातल्या पडक्या मठाचे खांब आणून बांधलेला. आत गोवा जिंकणाऱ्या पोर्तुगीज आल्बुकर्कचा पुतळा होता. आता आल्बुकर्क जुन्या गोव्याच्या संग्रहालयात, आणि त्याच मंडपात गोव्याच्या स्वातंत्र्यलढ्यातल्या त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हांचं स्मारक. लहानपणी मैदानात खेळताना पाऊस आला की आम्ही त्याच मंडपात शिरायचो. दिल्लीत इंडिया गेटसमोरची छत्री बघा. पाचवा जॉर्ज १९६८ ला गेला, छत्री रिकामी ती २०२२ ला नेताजी येईपर्यंत. पन्नासहून जास्त वर्षं कुणाला बसवावं हेच ठरेना. काढायला वेळ लागत नाही हो, रिकाम्या जागेचं काय करायचं ते कठीण.

आणि जुन्या सचिवालयाशेजारचा संमोहनतज्ज्ञ आबे फारियाचा पुतळा तसाच आहे, १९४५ चा, पोर्तुगीज राजवटीतला. त्याला कुणी हलवा म्हटलं नाही. कांदोळीचा माणूस, आणि शिल्पकार कामत मडकईचे. राजवट परकी पण पुतळा घरचा.

खडापारशी

सगळ्यांचे आभार. माझं मत धागा काढताना होतं तिथे आता नाही. मान काढून घ्यायचा हक्क पिढीला आहे असं मी लिहिलं होतं. पण पिढी म्हणजे कोण? पेरणेफाटांच्या आजी धरून की वगळून? आणि कसा काढायचा, दुपारी की रात्री? बोरीबंदर म्हणतात तसं, हलवलं तरी धागे तुटतातच. ते सगळे वाचवता येणार नाहीत, पण लिहून ठेवता येतील. ब्रिस्टलच्या ताईंचं वाचल्यावर वाटलं की आपण लोकांनीच पाटीचा मसुदा करून बघावा. व्हिक्टोरियाच्या पुतळ्यासाठी माझा पहिला प्रयत्न:

"व्हिक्टोरिया राणी. संगमरवर. शिल्पकार मॅथ्यू नोबल. बडोद्याचे खंडेराव गायकवाड यांची देणगी. १८७२ साली मुंबईत उभारला. १८९६ साली पुतळ्याची विटंबना झाली. नंतर तो पूर्ववत करण्यात आला. स्वातंत्र्यानंतर येथे हलवण्यात आला."

पेरणेफाटा

"विटंबना झाली" काढा. विटंबना म्हणजे तुम्ही राणीच्या बाजूनं बोलताय. आणि "झाली", "करण्यात आला", "हलवण्यात आला" यांतून माणसंच गायब. मराठीत कर्ता गाळून वाक्य पुरं होतं, म्हणून सरकारी पाट्यांवर कुणी काही केलेलंच नसतं. नावं लिहा.

ब्रिस्टलहून

सहमत. आणि "निषेध" हा शब्द हवा. इथे अशाच एकेका शब्दावर घोडं अडलं होतं.

पर्वतीपायथा

गज्जरांचं नाव घ्याच. "पूर्ववत" मात्र नको. पूर्ववत काही झालेलं नाही.

खडापारशी

दुसरा मसुदा:

"व्हिक्टोरिया राणी. संगमरवर. शिल्पकार मॅथ्यू नोबल. खर्च बडोद्याचे खंडेराव गायकवाड यांनी दिला. १८७२ साली मुंबईच्या फोर्टात उभारला. १८९६ साली चिंचवडच्या चापेकर बंधूंनी इंग्रज सत्तेच्या निषेधासाठी पुतळ्याला डांबर फासले व जोड्यांची माळ घातली. ते डांबर रसायनशास्त्रज्ञ त्रिभुवनदास गज्जर यांनी काढले. स्वातंत्र्यानंतर मुंबईकरांना हा पुतळा चौकात नको होता, म्हणून तो येथे ठेवला आहे."

लेकीला मोठ्यानं वाचून दाखवलं. तिनं दोन प्रश्न विचारले: जोडे कुणाचे होते, आणि डांबर कशानं निघतं. दोन्हींची उत्तरं माझ्याकडे नाहीत, कुणाकडे असली तर द्या.

हा मसुदा पत्रासोबत संग्रहालयाला देणार आहे. येत्या रविवारी सकाळी अकराला जातोय. ज्यांना यायचंय त्यांनी संग्रहालयाबाहेरच्या दगडी हत्तीपाशी या. घारापुरीचा हत्ती तो, इंग्रज विलायतेला न्यायला गेले तेव्हा पडून त्याचे तुकडे झाले होते, मग इथे जोडून उभा केला. सांधे दिसतात.

बोरीबंदर

मी येतो. आल्बर्ट ससूनच्या पाटीचा मसुदा घेऊन येतो.

पेरणेफाटा

मीही. मुलाला घेऊन.